गुडघ्यातील गादी आणि दुर्बिणीचे ऑपरेशन



बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांचे नाव आपण जाणतोच. दि. ११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथे ३००० मीटर स्टीपलचेस धावताना ते पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले. गुडघ्यातील लिगामेंट आणि मेनिस्कस या दोन्हींना इजा झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. पांढुर्णा-सौंसर भागातील आपली मुले-मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळतात. गुडघा त्यांचाही मुरगळतो. म्हणून या अंकात मेनिस्कसचा पाठ घेऊ.

मेनिस्कस म्हणजे काय?

मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोल असते, तर नळीच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. माठ डगमगू नये म्हणून आपण त्याखाली चुंबळ ठेवतो. निसर्गाने गुडघ्यात तेच केले आहे. प्रत्येक गुडघ्यात कूर्चेच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला व एक बाहेरच्या बाजूला. त्या शरीराचा भार पसरवतात, धक्का झेलतात आणि गुडघा स्थिर ठेवतात.

ती फाटते कशी, ओळखावी कशी?

पाय जमिनीत रोवलेला, गुडघा वाकलेला, आणि अंग एकदम फिरले की गादी हाडांमध्ये चिमटते व फाटते. कबड्डीत पकड सोडवताना नेमके हेच होते. लक्षणे अशी :

१) काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सूज येणे.
२) सांध्याच्या रेषेवर दाबल्यास दुखणे, उकिडवे बसता न येणे.
३) गुडघा अडकणे, म्हणजे पाय सरळच न होणे.

तिसरे लक्षण दिसले तर विलंब करू नये. फाटलेला तुकडा मध्ये अडकलेला असू शकतो. अशा वेळी मालीश करणे किंवा पाय ओढून ‘बसवणे’ घातक आहे. बर्फ, विश्रांती आणि हाडांचे डॉक्टर हाच मार्ग. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, गादी दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर हाताने तपासतात व गरजेनुसार एमआरआय सांगतात.

कापावी की शिवावी?

पूर्वी गुडघा उघडून फाटलेली गादी काढूनच टाकत. १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी दाखवले की गादी काढलेल्या गुडघ्यातील हाडांत पुढे बदल होतात. चुंबळ काढली तर माठाचे काय होणार? १९६२ मध्ये टोकियोत डॉ. वातानाबे यांनी दुर्बिणीतून पाहत फक्त फाटलेला भाग काढला. रुग्ण बास्केटबॉल खेळणारा १७ वर्षांचा मुलगा होता. १९६९ मध्ये तेथीलच डॉ. इकेउची यांनी दुर्बिणीतून गादी शिवली.

या ऑपरेशनात दोन-तीन लहान छिद्रांतून बारीक दुर्बीण व अवजारे आत घालतात. पडद्यावर पाहत फाटलेल्या कडा साफ करून टाके घालतात. मात्र प्रत्येक गादी शिवता येत नाही. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला चांगला रक्तपुरवठा असतो. पाटाजवळच्या वाफ्याला पाणी मिळते तसेच हे आहे. तेथील जखम भरून येते, आतली सहसा भरत नाही. तरुण वय, ताजी जखम आणि कडेजवळची फाट असेल तर शिवण्याला यश अधिक.

मोठ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की झिजून फाटलेल्या गादीला बहुधा आधी व्यायामाचा उपचार असतो. फिनलंडमध्ये अशा १४६ रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गादीचा तुकडा कापलेले रुग्ण लुटुपुटीचे ऑपरेशन केलेल्यांपेक्षा अधिक बरे झाले नाहीत.

खरी परीक्षा नंतर

कापलेल्या गादीचा खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर येतो. शिवलेल्या गादीला बहुधा चार ते सहा महिने लागतात. आधी कुबड्या, मग व्यायाम, आणि कित्येक महिने उकिडवे बसणे बंद. येथेच घरचे लोक अधीर होतात : ‘स्पर्धा गेली, कापूनच टाका.’ पालकहो, हंगाम पुन्हा येतो, गादी पुन्हा येत नाही. शिवलेलीही काही जणांत पुन्हा फाटते. घाई केल्यास तो धोका वाढतो. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, हे आपले वाडवडील सांगतच आले आहेत.

उपचारासाठी आपल्याकडील बरेच लोक नागपूरला जातात. डॉक्टरांना अवश्य विचारा : गादी शिवता येईल का? नसेल तर का नाही? ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांनी भरती होण्यापूर्वीच त्या रुग्णालयात चौकशी करावी.

शाळेने काय करावे?

असा विद्यार्थी शाळेत परतला की प्रार्थनेला व जेवणाला त्याला खुर्ची मिळावी, त्याचा वर्ग तळमजल्यावर भरावा. उकिडवे बसणे बंद असताना त्याने शौचालयात काय करावे? या एका अडचणीपायी मुले, विशेषतः मुली, महिनोन्महिने घरी राहू शकतात. विश्वस्त मंडळाला नम्र विनंती की मुलांच्या व मुलींच्या बाजूला एक-एक कमोड बसवावा. खेळशिक्षकांनी डॉक्टरांची लेखी परवानगी पाहिल्याशिवाय कोणालाही मैदानात उतरवू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, संघातून नाव कटेल या भीतीने सूज लपवू नका. त्याच दिवशी सांगा.