बर्फाच्या जमिनीवरची सडक

मंडळी, पावसाळ्यात आपली गाडीवाट कशी होते ते तुम्हांला ठाऊक आहे. चाक रुतते, बैल गुडघे टेकतात. पण ऊन पडले की वाट सुकते. आता अशी एक सडक सांगतो, जिथे ऊन पडले की चिखल होतो!

ही अलास्काची सडक. आपल्या देशापासून फार दूर, उत्तर अमेरिकेत. कॅनडातील डॉसन क्रीक गावी ती सुरू होते, आणि अलास्कात डेल्टा जंक्शनला संपते.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर हल्ला केला. अलास्काला तेव्हा जमिनीवरून रस्ताच नव्हता. म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या लष्कराने रानातून ही सडक काढली. मार्चात काम लागले, नोव्हेंबरात सडक खुली झाली. दहा हजारांवर शिपाई राबले. त्यांत तिसरा हिस्सा काळे शिपाई. त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवीत. सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल त्यांनी चार दिवसांच्या आत उभा केला. पण त्यांचे नाव कित्येक वर्षे कोणी घेतले नाही. आम्ही इतकी वर्षे भूगोल शिकवला, आम्हीही घेतले नाही.

तिकडे पुष्कळ ठिकाणी जमीन खाली बारमाही गोठलेली असते. वर शेवाळाची जाड गादी. शिपायांनी आधी ती गादीच खरवडून काढली. झाले! उन्हाने जमीन वितळली, ट्रक रुतून बसले. बर्फवाला लादी भुशात का ठेवतो? भुसा काढला की पाणी. तसेच हे. मग त्यांनी शेवाळ राहू दिले, वर झाडांचे ओंडके आडवे अंथरले, त्यावर खडीमाती टाकली. तेव्हा कुठे सडक टिकली.

१९४८ साली ती सर्व लोकांना मोकळी झाली. पुढे बरीच वर्षे ती खडीचीच होती. धुळीने पुढचे दिसेना, दगड उडून गाडीची काच फुटे. आता सगळी डांबरी आहे. वळणे काढून ती सरळ केली, त्यामुळे २,७०० किलोमीटरांची सुमारे २,२०० झाली.

तरी क्लुआनी सरोवराच्या पुढे, अलास्काच्या हद्दीकडे, डांबर अजून लाटांसारखे वरखाली होते. काळे डांबर ऊन पिते, खालचा बर्फ वितळतो, सडक खचते. हवाही पूर्वीपेक्षा उबदार झाली आहे. म्हणून तिथे कामकरी उन्हाळ्यात खड्डे भरीत असतात आणि गाडीवाले गाडी हळू हाकतात.