कोरडे तलाव, चिवट चाके

१९७५ साली कॅलिफोर्नियातील देल मार या गावी स्केटबोर्डच्या, म्हणजे चार चाकांच्या छोट्या फळीवर उभे राहून खेळण्याच्या, स्पर्धा भरल्या होत्या. बहुतेक स्पर्धक फळीवर ताठ उभे राहून डौलदार कसरती करीत होते. सांता मोनिका येथील ‘झेफिर’ नावाच्या दुकानाच्या संघातील मुले मात्र गुडघे मोडून, जमिनीशी अंग लववून आणि एक हात फरशीला टेकवून गर्रकन वळत होती. समुद्राच्या लाटेवर फळी वळवावी तशी! टोनी अल्व्हा व स्टेसी पेराल्टा तेव्हा १७ वर्षांचे होते, जे अ‍ॅडम्स अवघा १४ वर्षांचा. संघात पेगी ओकी ही एक मुलगीही होती. थोड्याच काळात या मुलांची छायाचित्रे मासिकांतून झळकू लागली, कंपन्या करार घेऊन दारी आल्या आणि संघ फुटला. हीच कथा कॅथरिन हार्डविक यांनी २००५ मध्ये ‘लॉर्ड्स ऑफ डॉगटाउन’ या चित्रपटात सांगितली. पटकथा खुद्द पेराल्टा यांची आहे, हे चित्रपट पाहताना ध्यानात ठेवावे.

ही मुले धाडसी होती यात शंका नाही. पण धाडसी मुले १९६५ सालीही होतीच. स्केटबोर्डची पहिली लाट त्याच सुमारास येऊन ओसरली होती. मग दहा वर्षांनी असे काय बदलले?

बदलले ते चाक. पूर्वीची चाके पोलादाची किंवा मातीसारख्या ठिसूळ मिश्रणाची असत. अशा कठीण चाकाचा खडबडीत रस्त्याशी स्पर्श होतो तो मोजक्या उंचवट्यांवर. त्यामुळे पकड कमी. वळताना फळी निसटे, आणि वाटाण्याएवढा खडा आडवा आला तरी चाक जागच्या जागी थांबे. जडत्वामुळे स्वार मात्र पुढे जाई! १९७०च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातील एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके पाहिली. ती रोलर स्केटसाठी बनविलेली होती. त्याने ती आपल्या फळीला लावून पाहिली आणि पुढे कॅलिफोर्नियात विकायला आणली.

पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी लावला. त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्यांत मऊ आणि कठीण तुकडे आळीपाळीने येतात. मऊ तुकडे ताणले जातात, कठीण तुकडे साखळ्यांना एकत्र धरून ठेवतात. म्हणून हे चाक रस्त्याच्या खाचांत किंचित दबते, त्याचे स्पर्शाचे क्षेत्र वाढते, खडा आला की ते त्यावरून लवून पुढे सरकते आणि लगेच मूळ आकारावर येते. ते चिखलासारखे नुसतेच मऊ असते तर स्वाराची सारी ऊर्जा त्याला दाबण्यातच खर्ची पडली असती. झेफिरच्या मुलांचे ते जमिनीलगतचे वळण या पकडीवाचून शक्यच नव्हते.

दुसरी गोष्ट घडली ती आकाशात. १९७६ आणि १९७७ ही दोन वर्षे कॅलिफोर्नियात भीषण अवर्षण पडले. पाण्यावर निर्बंध आले आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तेथील अनेक तलाव काँक्रीटचा फवारा मारून बांधलेले असत. या पद्धतीत चौकोनी साचा लागत नाही, म्हणून भिंत तळाला काटकोनात न मिळता मोठ्या बाकाने मिळते. पाण्यासाठी बांधलेला हा बाक मुलांना गोठलेल्या लाटेसारखा वाटला. मालकाची नजर चुकवून आणि पोलिसांची चाहूल घेत ती आत उतरत.

आता थोडे गणित करू या. समजा, भिंतीचा बाक हा वर्तुळाचा चतुर्थांश आहे आणि स्वाराचा गुरुत्वमध्य काठापासून तळापर्यंत २.५ मीटर खाली येतो. घर्षण सोडून दिले तर स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, आणि तळाशी वेग येतो सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर. वर्तुळाकार मार्गावर वळण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल येथे वजनाच्या दुप्पट भरते. त्यात स्वतःचे वजन मिळवा. तळाशी पायांवर तिप्पट भार! ५० किलोग्रॅमच्या मुलाला तेथे १५० किलोग्रॅम पेलावे लागतात. गंमत अशी, की त्रिज्या कितीही घेतली तरी उत्तर तिप्पटच येते, करून पाहा.

पण घर्षणामुळे स्वार दर खेपेस थोडा कमीच चढायला हवा. मग तो काठाबाहेर उडतो कसा? नागपंचमीला उभ्याने झोका चढविताना तुम्ही काय करता? टोकाला खाली बसता आणि मध्याशी येताच उभे राहता. नेमके हेच येथे घडते. काठाजवळ वेग संपतो, पायांवर भार उरत नाही, तेव्हा गुडघे मोडायला श्रम पडत नाहीत. तळाजवळ तिप्पट भाराविरुद्ध उभे राहिले की मांड्यांचे स्नायू बरेच कार्य करतात आणि ते गतिज ऊर्जेत जमा होते. मुलांनी समीकरण मांडले नव्हते. ते त्यांच्या पायांना ठाऊक होते. (हा प्रयोग वहीत करावा, रस्त्याच्या उतारावर नव्हे.)

२०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. तेथील ‘पार्क’ प्रकाराचे काँक्रीटचे खोलगट वाडगे त्याच तलावांचे वंशज आहेत. प्रसिद्धीचे फळ मात्र सर्वांना सारखे मिळाले नाही. पेराल्टा आणि अल्व्हा यांनी आपापले उद्योग उभारले. अ‍ॅडम्सला पुढे अमली पदार्थांपायी तुरुंग पाहावा लागला; २०१४ साली तो वारला.

चित्रपटात सिड नावाचे एक कल्पित पात्र आहे. या मुलाचा तोल सारखा जातो. प्रथम दोष कानाचा वाटतो, आणि तशी शंका येणे रास्तच आहे, कारण डोके वळल्याची खबर मेंदूला देतात त्या अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका. दोष निघतो मेंदूतील गाठीचा. शेवटी सिडच्या घरचा तलाव रिकामा केला जातो. करारांनी दूर गेलेले तिघे मित्र पुन्हा त्यात उतरतात, आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सिडलाही खाली घेतात.