घर गहाण टाकण्याआधी

चि. भाचीस,

परवा साताऱ्यात लग्नाच्या पंगतीत मामाच्या कानावर आलं, की भाची एलएल.एम.साठी अमेरिकेला निघाली आहे, दाजी राहतं घर गहाण ठेवणार आहेत आणि कुणा सल्लागाराने सांगितलंय, वर्षभराची पदवी घेतली की तिथे वकिली सुरू. जाण्याबद्दल मामाची हरकत नाही. त्या शेवटच्या वाक्याने मात्र त्याची झोप उडाली.

पदवी, सनद आणि नोकरी या अमेरिकेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. सनद प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. न्यूयॉर्कचा नियम 520.6 दोन गोष्टी तपासतो: परदेशी वकिलाचं शिक्षण पुरेशा कालावधीचं होतं का, आणि ते इंग्लिश कॉमन लॉच्या परंपरेतलं होतं का. दोन्ही जमलं तर एलएल.एम. न करताही बारच्या परीक्षेला बसता येतं. एकाच बाबतीत उणीव असेल तर अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमध्ये, प्रत्यक्ष हजर राहून, 24 क्रेडिटचा एलएल.एम. करून ती भरून काढता येते. त्यातही व्यावसायिक नीतिमत्ता, संशोधन-लेखन आणि अमेरिकन कायद्याची मूलतत्त्वं यांना प्रत्येकी किमान 2 आणि परीक्षेतल्या विषयांना किमान 6 क्रेडिट द्यावी लागतात. नुसते आवडीचे विषय निवडले तर पदवी हातात पडते आणि परीक्षेचं दार बंदच राहतं. कॅलिफोर्नियात तर भारतातली सनद असलेल्या वकिलाला परीक्षेसाठी एलएल.एम.ची अट नाही.

हे सल्लागाराने सांगितलं? नसेल, तर दाजींनी घराची कागदपत्रं कुणाच्या भरवशावर काढली?

पुढचं वेळापत्रक तर आणखी कडक. मेमध्ये पदवी, जुलैअखेर दोन दिवसांची परीक्षा, निकाल साधारण ऑक्टोबरच्या शेवटी. न्यूयॉर्कला सध्या 400 पैकी 266 गुण लागतात, नीतिमत्तेची परीक्षा वेगळी, शिवाय 50 तास विनामोबदला कायदेशीर सेवा. पदवीनंतर कामाची परवानगी मिळते ती 12 महिन्यांची. विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी 24 महिन्यांची मुदतवाढ कायद्याच्या पदवीला नाही, आणि त्या वर्षात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. त्यानंतर एच-वन-बी व्हिसाची सोडत. दुर्दैवाने नाव निघालं नाही तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि तारण असतं ते आईबाबांच्या डोक्यावरचं छप्पर.

कराराचा शब्द न् शब्द वाचणारी पोर एका माणसाच्या तोंडी आश्वासनावर एवढी मोठी उडी घेते, याचा मामाला राग आला. खरंच आला.

मामालाही एके काळी जायचं होतं. आजोबांचा एकट्याचा पगार, पाठच्या बहिणींची लग्नं. विषय घरात निघालाच नाही. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, हे त्याला कळलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्याची चुटपुट अजून जात नाही. म्हणूनच भाचीने आधी ते दार ठोठावावं, फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, मग बँक.

आणि परत यावं लागलं तर त्यात कमीपणा काय? धनंजय चंद्रचूड इनलॅक्स शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले, 1983 मध्ये एलएल.एम. आणि 1986 मध्ये डॉक्टरेट घेऊन मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले, पुढे सरन्यायाधीश झाले. ती पदवी इथेही कामाला येते. मात्र ती घराच्या बदल्यात घ्यायची की नाही, हे हिशेब मांडून ठरव.

रागाचं मनावर घेऊ नकोस. न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाकडे पात्रतेची तपासणी आधी करून घेता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच अर्ज कर. विद्यापीठाची कागदपत्रं आणि बार कौन्सिलचा दाखला लागेल. विद्यापीठाच्या कागदपत्रांसाठी कोल्हापूरला मामा येईल तुझ्याबरोबर, खिडकीसमोर रांगेत तोच उभा राहील. तिकिटाचे पैसेही त्याने बाजूला काढलेत, दाजींना सांगू नकोस. आईला मात्र आजच फोन कर. ती तुला काही विचारत नाही, पण मला रोज विचारते.

तुझाच,
मामा