पातीचा घोटाळा

सासूबाईंनी विळी मांडली होती, शेजारी बेसनाचा डबा. “अगं, तुझ्या मागच्या दाराशी कांद्याची पात काय छान आलीय! पीठ पेरून करते.” अर्धी जुडी चिरून झाली होती. मी दारातूनच ओरडले, “आई, थांबा, ती फुलझाडाची पात आहे!” त्यांनी बोटं नाकाशी नेली. “वास तर कांद्याचाच येतोय की.” येणारच. फोडणीचे दोन कांदे त्याच हातांनी चिरले होते.

ती जॉन्क्विल नावाच्या नार्सिससची पात होती. कांदा, लसूण आणि नार्सिसस एकाच कुळातले. पण नार्सिससच्या कंदात नि पातीत लायकोरीन नावाचं विष असतं, ते पोटात गेलं की उलट्या सुरू होतात. शिजवूनही सुटका नाही. २००९ मध्ये इंग्लंडात सफोकमधल्या एका शाळेच्या सूपमध्ये कांदा समजून असाच एक कंद पडला आणि मुलं आजारी पडली. २०१५ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने दुकानांना डॅफोडिल्स (तेही नार्सिससच) भाज्यांपासून लांब ठेवायला सांगितलं. आणि मी काय केलं होतं? हे कंद कोथिंबीर-पातीच्या कुंड्यांना चिकटून पुरले होते. खाण्याचं आणि फुलांचं, दोन्ही एका वाफ्यात लावू नका. कुठे शंका आलीच, तर हात स्वच्छ धुऊन पात चुरडा. कांद्या-लसणाचा वास आला नाही तर ती स्वयंपाकघरात आणूच नका.

जॉन्क्विल माझ्याकडे आली तीही गैरसमजातून. आमच्या घराजवळचं स्मर्ना हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटाला लागून असलेलं गाव, त्याला ‘जॉन्क्विल सिटी’ म्हणतात. पहिल्याच वसंतात टपालपेट्यांच्या बुडाशी मोठाली पिवळी फुलं पाहिली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “जॉन्क्विल्स.” मी त्याच नावाचे पन्नास कंद मागवले. मार्चमध्ये उमलली ती रुपयाएवढी फुलं! फसवलं म्हणून विक्रेत्याला तावातावाने ईमेल लिहिली. संध्याकाळी खिडकी उघडली तर खोलीभर वास, मोगऱ्याइतका दाट. मग वाचायला बसले, आणि दुसरी ईमेल माफीची गेली.

अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याही पिवळ्या नार्सिससला जॉन्क्विल म्हणायची रीत आहे. खरी जॉन्क्विल मूळची स्पेन-पोर्तुगालची, आणि तिचं नावच पातीवरून पडलंय: लॅटिनमध्ये ‘जुंकस’ म्हणजे लव्हाळ्यासारखं गवत. म्हणून आधी पात बघा. गोलसर, बारीक, गडद हिरवी काडी आणि एका दांड्यावर दोन ते पाच छोटी, सुवासिक फुलं असली की ती जॉन्क्विल. पात चपटी, रुंद, निळसर झाक असलेली आणि दांड्यावर एकच फूल, त्याला लांब कर्णा, तर ते डॅफोडिल. या दोन जातींच्या संकरातून कॅम्परनेल झालं. घर केव्हाच पडून गेलंय अशा ओसाड जागीही ते मार्चमध्ये फुललेलं दिसतं. पांढऱ्या लोंबत्या घंटा, प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवा ठिपका? ते नार्सिसस नाहीच, ल्यूकोजम आहे. इथले लोक त्यालाही बिनदिक्कत स्नोड्रॉप म्हणतात.

दुसरी चूक जास्त महागात पडली. फुलं सरली, पात आडवी पडली. पाडव्याला पाहुणे यायचे होते, म्हणून मी ती कात्रीने साफ कापली. पुढच्या वर्षी पात आली, फुलं मोजून चार. कंदाचं पुढच्या वर्षीचं जेवण त्या पातीतच शिजतं. निदान सहा आठवडे तिला हात लावू नका. तिची वेणी घालणं, गाठ मारणंसुद्धा नको. अजागळ दिसते हे खरं. पुढे दुसरी झाडं लावून झाका.

उरलेले कंद स्प्रिंकलरने संपवले. जॉर्जियाची लाल चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि जॉन्क्विलला उन्हाळ्यात कोरडी झोप हवी असते. मी हिरवळीसाठी रोज पाणी सोडत राहिले. सप्टेंबरात उकरलं तर हाताला चिखल आणि सडका वास. आता उतारावर लावते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर ठेवून. कंद हाताळताना हातमोजे घालते, नाहीतर बोटांना खाज सुटते. फुलदाणीत ही फुलं पहिल्या दिवशी एकटीच ठेवायची; दांड्यातून झिरपणारा चीक ट्युलिपला मारतो.

पुण्याची बहीण म्हणते, “येताना चार कंद आण ना.” विमानतळावरच्या वनस्पती तपासणीचं सोडा, तिच्या गच्चीत त्यांना हिवाळा कुठून मिळणार? पुरेशी थंडी लागल्याशिवाय जॉन्क्विल फुलत नाही. तिला थंडीवाचून फुलणारं पेपरव्हाइट सुचवलंय. शिवाय निशिगंध तिच्या दारात आहेच.

सासूबाई दर जानेवारीत फोनवर विचारतात, “ती खोटी पात आली का गं वर?”