लॅपटॉपची बॅटरी कशाने झिजते

लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीची झीज दोन वाटांनी होते. एक वाट वापराची: चार्ज होणे, उतरणे, पुन्हा चार्ज होणे. दुसरी नुसत्या काळाची, यंत्र वापरले काय आणि कपाटात ठेवले काय. बहुतेक लोक पहिलीची धास्ती घेतात आणि बॅटरी गमावतात ती दुसरीमुळे. घरी किंवा कचेरीत एकाच टेबलावर, चार्जर कायम लावून काम करणाऱ्याची बॅटरी जवळजवळ वापरलीच जात नाही. तरीही पुढे कधी वीज गेली की ‘बॅकअप’ अर्ध्यावर आल्याचे कळते, कारण ती सगळा काळ पूर्ण भरलेली आणि गरम असते.

ही बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनी कंपनीकडून. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रचना तत्त्वतः साधी आहे. सेलच्या धन बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टसारख्या धातूचे लिथियमयुक्त ऑक्साइड, ऋण बाजूला तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइट, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे भिनलेला ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना उलट येतात. साधारण सेलचे व्होल्टेज रिकामे असताना ३ च्या आसपास, पूर्ण भरल्यावर ४.२ असते, अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये ते ४.३५ किंवा ४.४ पर्यंतही नेतात, कारण तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते.

पहिल्या काही चार्जमध्येच ग्राफाइटवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक पातळ थर धरतो. तो हवाच असतो, कारण त्याच्या आडोशाने पुढचे विघटन थोपते. पण दुधावरच्या सायीप्रमाणे तो वाढत राहतो, आणि वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. जेवढे लिथियम अडकले तेवढी क्षमता गेली. सेल भरलेला असताना धन बाजूलाही इलेक्ट्रोलाइटचे विघटन होते आणि त्यातून वायू सुटतो. या दोन्ही क्रियांना वेग देणाऱ्या गोष्टी दोनच: उष्णता आणि चढे व्होल्टेज. वेगवेगळ्या असताना त्या त्रास देतात; एकत्र आल्या की बॅटरी संपवतात.

हा फरक किती मोठा आहे, ते अभियंत्यांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका कोष्टकावरून दिसते. सेल ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवला तर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तोच पूर्ण भरून त्याच तापमानाला ठेवला तर ८० टक्के. तापमान ४० अंश केले तर अर्धवट भरलेल्याची ८५ टक्के उरते आणि पूर्ण भरलेल्याची ६५. हे आकडे सेलच्या जातीनुसार खालीवर होतात, पण दिशा बदलत नाही. आणि ४० अंश ही काही प्रयोगशाळेतली चैन नव्हे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात हवेचाच पारा ४५ च्या घरात जातो. मुंबई-पुण्यातही चालू लॅपटॉपच्या पोटात ४० अंश होणे रोजचे आहे. ॲपल आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी १० ते ३५ अंशांची हवा सांगते. विदर्भातल्या पंख्याखालच्या खोलीत वर्षातले किमान दोन महिने ती अट पाळली जात नाही.

‘चार्जर लावून ठेवला की बॅटरी ओव्हरचार्ज होते’ हा समज मात्र खोटा आहे. चार्जिंगचे सर्किट आधी ठरावीक विद्युतप्रवाहाने सेल भरते, कमाल व्होल्टेज गाठल्यावर प्रवाह कमी करत नेते आणि शेवटी बंद करते. त्यानंतर लॅपटॉप बहुतांशी अडॅप्टरच्या विजेवर चालतो. शेवटी प्रवाह असा कमी होत जातो म्हणूनच अखेरचे वीस टक्के भरायला एवढा वेळ लागतो. ‘व्होल्टेज वरखाली होते म्हणून बॅटरी गेली’ हेही बहुधा चुकीचे निदान असते. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते आणि तेवढा चढउतार तो बॅटरीपर्यंत जाऊ देत नाही. विजेच्या झटक्याने जळतो तो अडॅप्टर. बॅटरीचा प्रश्न निराळा आहे: सर्किट तिला ओव्हरचार्ज करत नाही, पण शंभर टक्क्यांवरच तिष्ठत ठेवते, शेजारी प्रोसेसर तापत असताना.

प्रस्तुत लेखकाच्या वापरातला एक लॅपटॉप या प्रकारचा नमुना ठरला. टाळेबंदीत घरून काम सुरू झाल्यापासून तो खिडकीलगतच्या टेबलावर चार्जरसह होता. दुपारचे ऊन पाठीवर, खाली कापडी मॅट. पहिली खूण बॅकअपची नव्हती, कारण बॅकअप तपासण्याची वेळच येत नव्हती. टचपॅड नीट दबेनासा झाला, मग खालचे झाकण टेबलावर डुगडुगू लागले. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले तेव्हा बॅटरीचे तीनपैकी दोन सेल उशीसारखे फुगलेले निघाले. चार्ज-आवर्तनांची, म्हणजे भरण्या-उतरण्याच्या फेऱ्यांची, नोंद पाहिली तर ती अगदी किरकोळ. म्हणजे बॅटरी वापराने गेली नव्हती. त्याच घरातला दुसरा, रोज बॅगेतून फिरणारा आणि कधी ३० तर कधी ८० टक्क्यांवर असणारा लॅपटॉप त्याहून जुना असून धडधाकट होता. एका घरातल्या दोन यंत्रांवरून नियम निघत नाही, पण वरच्या कोष्टकाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

यावरचा उपाय आता बहुतेक लॅपटॉपमध्ये आधीच दिलेला असतो; तो चालू करायचा राहून जातो, एवढेच. चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवणे, हा तो उपाय. तेवढ्यावर सेलचे व्होल्टेज साधारण ४ व्होल्टवर राहते, आणि कमाल व्होल्टेज ०.१ ने उतरवले की आवर्तने अंदाजे दुप्पट मिळतात असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये व्हँटेज या ॲपमध्ये चार्ज कुठे सुरू व्हावा आणि कुठे थांबावा हे दोन्ही ठरवता येते. आयडियापॅडमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ असतो. असूसमध्ये ‘माय असूस’ ॲपमधला ‘बॅटरी केअर’, डेलमध्ये बायोसमधला ‘प्रायमरिली एसी यूज’ किंवा स्वतः मर्यादा ठरवण्याचा पर्याय, एचपीच्या व्यावसायिक मॉडेलांत बायोसमधला ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’. मॅकमध्ये ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ वापरणाऱ्याची सवय ओळखून पूर्ण चार्ज पुढे ढकलते, पण दिनक्रम ठरलेला नसेल तर तिचा अंदाज फसतो. लिनक्सवर अलीकडच्या केडीई आणि ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच ही सोय आली आहे, अर्थात लॅपटॉपच्या हार्डवेअरने साथ दिली तर.

वीस टक्के बॅकअप हातचा जातो, हा यातला तोटा. टेबलावर काम करणाऱ्याला तो जाणवतही नाही. तासा-दोन तासांच्या भारनियमनाला ८० टक्के पुरतात. प्रवासाच्या दिवशी सकाळी मर्यादा काढून १०० टक्के भरावे, त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते १०० टक्क्यांवर महिनोन्‌महिने ठेवल्याने. ज्या लॅपटॉपमध्ये असा पर्यायच नाही तिथे दिवसातून एकदा प्लग काढून बॅटरी चाळीसपर्यंत उतरू द्यावी, रात्री यंत्र बंद करून चार्जरही काढावा. मोबाइलवर गजर लावून दर तासाला प्लग काढण्या-घालण्याचा सोपस्कार करणारे लोक आहेत. बॅटरी जपण्यासाठी माणसाने तिचा रखवालदार व्हावे, एवढी ती महाग नाही.

दर वेळी बॅटरी पार शून्यावर आणून मगच चार्ज करावी, हा सल्ला अजून दुकानांतून मिळतो. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट उतरवून वारंवार भरल्या तर क्षमता ‘विसरत’. लिथियम बॅटरीला हा दोष नाही. तिला उलट खोल उतरणे मानवत नाही. ५० टक्के वापरून पुन्हा भरणे म्हणजे अर्धे आवर्तन, आणि अशी दोन अर्धी आवर्तने एका पूर्ण आवर्तनापेक्षा कमी झीज करतात. आजच्या मॅकबुकची बॅटरी १,००० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी योजलेली असते. पूर्ण उतरवण्याचा एकच उपयोग उरतो: टक्के दाखवणारे मापक भरकटले असेल, म्हणजे २५ टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून पुन्हा भरल्याने ते ताळ्यावर येते. त्याने मापक सुधारते, बॅटरी नव्हे. एवढे करूनही यंत्र तसेच बंद पडत असेल तर सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे असे समजावे.

उष्णतेबाबत मात्र सोपस्काराचा आळस करू नये. गादी, उशी, मांडीवरचे ब्लँकेट यांनी खालची हवेची फट बुजते. दोन-तीन वर्षांत पंख्यावर धुळीचा नमदा बसतो. तो दुकानातून साफ करून घेण्याचा खर्च नव्या बॅटरीच्या मानाने किरकोळ असतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसारखे जड काम चालू असताना बॅटरी शंभरावर असू नये. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवणे सर्वांत वाईट, कारण बंद काचांआड तापमान बाहेरच्या कितीतरी वर जाते. थंड प्रदेशात धोका उलटा आहे. टोरांटो किंवा शिकागोला हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेला लॅपटॉप घरात आणल्या आणल्या चार्जला लावू नये. शून्याखाली असलेल्या सेलमध्ये आयन ग्राफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठावर धातू म्हणून साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. तासभर खोलीत राहू द्यावा.

लॅपटॉप काही महिने बाजूला ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, पूर्ण बंद करून, घरातल्या थंड कोरड्या जागी ठेवावा. स्लीपवर ठेवलेले यंत्र हळूहळू उतरत शून्यावर जाते, आणि अतिउतरलेल्या सेलमध्ये तांबे विरघळू लागते. अशी बॅटरी संरक्षक सर्किट पुन्हा चार्जच होऊ देत नाही. सहा महिन्यांनी एकदा काढून निम्मी भरावी.

प्रकृती तपासायला बाहेरच्या ॲपची गरज नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा, एक जागा, तिरकी रेघ आणि जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टंकले की एक फाइल तयार होते. तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागले की उरलेले आरोग्य कळते. मॅकवर हाच आकडा सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर टक्क्यांत मिळतो. ऐंशीच्या खाली गेले की बदलाचा विचार सुरू करावा, साठच्या खाली गेल्यावर टाळू नये.

फुगलेल्या बॅटरीला मात्र टक्केवारी लागू नाही. टचपॅड वर आला, झाकणाला फट पडली, यंत्र सपाट टेबलावर हलू लागले, तर चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि दुरुस्तीला न्यावा. फुगा दाबून बसवू नये, टोचू तर अजिबात नये. आत ज्वलनशील द्रव असतो आणि पडदा फाटला की सेल पेट घेऊ शकतो. सेलमधला दोष किती दूर जाऊ शकतो हे २००६ मध्ये जगाने पाहिले: सोनीच्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहिल्यामुळे एकट्या डेलने सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. खराब झालेली बॅटरी विमानातही नेता येत नाही.

नवी बॅटरी घेताना ‘ओरिजिनल’ आणि ‘कॉम्पॅटिबल’ यांच्या किमतीत मोठे अंतर असते, आणि दुकानदार दुसरीची भलामण करतो. चांगल्या कॉम्पॅटिबल बॅटऱ्या असतात, पण ज्या बॅटरीवर भारतीय मानक ‘आयएस १६०४६’ आणि नोंदणी क्रमांक नाही ती घेऊ नये. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना ती नोंदणी सक्तीची आहे. वर्षानुवर्षे गोदामात पडून असलेली ‘नवी’ बॅटरीही अर्धी जुनीच असते, तेव्हा उत्पादनाची तारीख पाहावी. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीवाल्याच्या पोत्यात जाऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती वेगळी देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि तिची विल्हेवाट लावणे उत्पादकाची. बॅटरीवर काट मारलेली कचरापेटी छापलेली असते, ती याचसाठी.