मेजवानीची कथा रंगभूमीवर

कथेत मेजवानीचे वर्णन करणे तसे सोपे. अंतोन चेखव या थोर रशियन लेखकाच्या १८८४ सालच्या एका कथेत लग्नाचे जेवण चालू आहे. जेवणाऱ्या २३ जणांपैकी ८ जण काहीच खात नाहीत, असे लेखक आरंभीच सांगून टाकतो. वाचक हसतो आणि पुढे जातो. नाटककाराला मात्र अशी मोजदाद सांगता येत नाही. प्रेक्षकांना जे दिसेल आणि ऐकू येईल, तेवढेच त्याच्या हाती असते.

ही कथा आणि त्याच वर्षीची आणखी एक कथा यांवरून चेखवने १८८९ साली 'लग्न' ही एकांकिका लिहिली. झगमगते दालन, जेवणासाठी मांडलेले भले मोठे मेज, वाढप्यांची धावपळ, आतून ऐकू येणारी वाद्ये! पडदा वर जाताच निम्मे वर्णन होऊन जाते. उरलेले काम पात्रांची बोलणी करतात. तुमच्या देशात अमुक मिळते काय, असे एका ग्रीक मिठाईवाल्याला विचारले जाते. तो बिचारा प्रत्येक वेळी 'होय' म्हणतो.

प्रयोग करणाऱ्यांपुढे वेगळ्याच अडचणी असतात. मेजाभोवती चहूकडे माणसे बसवली, तर निम्म्यांची पाठच दिसावयाची. म्हणून प्रेक्षकांकडील बाजू बहुधा मोकळी ठेवतात. तोंडात घास असताना शब्द स्पष्ट उमटत नाहीत. यासाठी जाणता नट घास लहान घेतो आणि महत्त्वाच्या वाक्यापूर्वी तो गिळून टाकतो.

समारंभाला शोभा यावी, म्हणून वधूच्या आईने एका गृहस्थाला २५ रूबल देऊन सेनापती आणावयास सांगितले आहे. तो लबाड पैसे खिशात घालतो आणि एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला घेऊन येतो. हा वृद्ध कानाने मंद आहे. आपल्याला आपुलकीने बोलावले आहे, अशी त्याची समजूत! तो रंगात येऊन जहाजाच्या शिडांविषयी बोलू लागतो. पाहुणे कंटाळतात. त्यांचा हा कंटाळा नटांनी न बोलता दाखवावा लागतो, आणि खरे कौशल्य तेथेच आहे.

अखेर यजमानीणबाई पैशांची गोष्ट काढते. कसले पैसे, हेच त्या वृद्धाला ठाऊक नसते. त्याचे दुःख कथेत एका वाक्यात सांगता आले असते. नाटकात तो मेजावरून उठतो. बाहेर जाण्याची वाट त्याला सापडत नाही, आणि तो वाढप्याला हाका मारू लागतो.