तूर-सोयाबीन : शेजाऱ्यांचा डाव

एकाच शेतातील दोन पिके ओल, अन्नद्रव्ये व सूर्यप्रकाश यांसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. तरीही तूर आणि सोयाबीन एकत्र नांदतात. असे का, हे गणितातील खेळ सिद्धांताने समजते. जॉन मेनार्ड स्मिथ व जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये तो प्राण्यांच्या झुंजींना लावला. पुढे वनस्पतींनाही लावला गेला. झाड काही विचार करून डाव टाकत नाही. त्याची वाढीची सवय हाच त्याचा डाव.

केवळ समजुतीसाठी गुण देऊ. तुरीला तुरीशेजारी ४, सोयाबीनशेजारी ६. सोयाबीनला सोयाबीनशेजारी ४, तुरीशेजारी ५. म्हणजे परक्यापेक्षा भाऊबंदच जास्त नडतो! अशा डावात जो संख्येने कमी, तो फायद्यात. म्हणून कोणी कोणाला हुसकावू शकत नाही.

सोयाबीन सुमारे १०० दिवसांत निघते. तूर सुरुवातीला सावकाश वाढते, सोयाबीन काढल्यावर पसरते आणि सोटमुळाने खोलची ओल घेते. मात्र उथळ, हलक्या जमिनीत खोलवर ओलच नसते. तेथे तुरीचे ६ गुण धरू नयेत. मध्यम ते भारी जमिनीत सोयाबीनच्या ४ ओळींनंतर तुरीच्या २ ओळी घ्याव्यात.

तणाचा डाव वेगळा. ते सोयाबीनबरोबरच उगवते व त्याच थरातले अन्न घेते. येथे सहजीवनाची वाट पाहू नये. पेरणीनंतर पहिले ६ आठवडे शेत कोळपणी व खुरपणीने तणमुक्त ठेवावे.